किती तास भिजवायची?

घरी कोल्ड ब्रू कॉफी करते असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती तास भिजवायची? कुणी बारा सांगतं, कुणी अठरा, कुणी चोवीस, आणि प्रत्येकाला आपलाच आकडा खरा वाटतो. माझाही जीव बरेच दिवस त्या तासांतच अडकला होता. संध्याकाळी किती वाजता भिजवली तर सकाळी किती वाजता गाळता येईल, याचं वेळापत्रक डोक्यात फिरत असायचं. आता बऱ्याच बरण्या भरून आणि रिकाम्या करून झाल्यावर माझं मत असं झालंय की या सगळ्या उद्योगात तासांना फार किंमत देऊ नये. कॉफी किती भरड दळली, दळल्यावर तिच्यातली धूळ काढली का, आणि शेवटी ती गाळली कशी, यावर पेला ठरतो. मधला वेळ फ्रिज सांभाळतो.

आधी एक घोळ मिटवते. गरम कॉफीत बर्फ टाकून जी होते ती वेगळी. कोल्ड ब्रूमध्ये गरम पाण्याचा संबंधच येत नाही. दळलेली कॉफी गार पाण्यात कित्येक तास भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची, एवढंच. दोन्हींत फरक किती पडतो ते बर्फाच्या हिशोबावरून कळतं. ९० अंश सेल्सिअसची कॉफी ५ अंशांवर आणायची तर जवळपास कॉफीच्याच वजनाचा बर्फ वितळून तिच्यात मिसळतो. म्हणजे पेल्यात निम्मं पाणी वाढलं. कॉफी मुळात दुप्पट कडक केलेली नसेल तर ती पाणचट होणारच. जपानी पद्धतीत हे आधीच धरून चालतात: पाणी निम्मं घ्यायचं आणि गरम कॉफी थेट बर्फावर उतरवायची. तिला फुलाफळांचा वास फार सुरेख टिकतो, शिवाय ती काही मिनिटांत होते, त्यामुळे घाईच्या दिवशी मी तीच करते. कोल्ड ब्रू मात्र फ्रिजमधून बाहेर येते तीच ५ अंशांच्या आसपास. अशी २०० मिली कॉफी शून्यावर न्यायला १२-१३ ग्रॅम बर्फ वितळला तरी पुरे. बर्फ तिथे जवळजवळ शोभेलाच.

चवीतला फरक सांगायचा तर गरम पाणी कॉफीतलं सगळं भराभर ओढून काढतं: आंबटपणा, कडवटपणा, तेल, वास. यातला वास तर अर्धा स्वयंपाकघरातच उडून जातो, म्हणून तर कॉफी करताना घरभर दरवळते. गार पाण्यात भिजणाऱ्या कॉफीचा घरात काहीच वास येत नाही. चव गोलसर, मऊ, जराशी चॉकलेटच्या अंगाने जाणारी. ज्यांना कॉफीतला चुणचुणीत आंबटपणा आवडतो त्यांना ती सपाट वाटते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मला दोन्ही आवडतात, पण साखरेशिवाय, दुधाशिवाय भरपूर पिता येते ती ही.

बियांबद्दल फार बोलत नाही, कारण इथे आवडीनिवडीचा भाग मोठा. मध्यम किंवा मध्यमहून थोड्या गडद भाजणीच्या बिया गार पाण्यात लवकर खुलतात. हलक्या भाजणीच्या बिया कठीण असतात, त्यांच्यातून गार पाण्याला सहज काही काढता येत नाही, मग पेला फिका आणि नुसताच आंबूस लागतो. खूप गडद भाजलेल्या बियांचा जळका वास गार पाण्यातही लपत नाही. ताज्या भाजलेल्या म्हणजे एकदोन दिवसांच्या बिया मी मुद्दाम टाळते. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. फार ताज्या बिया दळून पाण्यात घातल्या की हा वायू पूड वर उचलून धरतो आणि ती लवकर भिजत नाही. आठवडाभर जुन्या बिया शहाण्यासारख्या खाली बसतात. आणि इन्स्टंट पावडर इथे उपयोगाची नाही: ती आधीच काढून वाळवलेली कॉफी असते, पाण्यात सगळीच विरघळते, भिजवायला आणि गाळायला काही उरतच नाही. चिकोरी मिसळलेली पूड चालते. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला चिकोरीच्या कॉफीची जुनी परंपरा आहे आणि गार भिजवलेली कॉफीही तिथे तशी करतात. फक्त चिकोरी हे भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं आणि त्यातला विरघळणारा भाग कॉफीपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून रंग आणि दाटपणा पाहून कॉफी कडक झाली असं समजू नये.

आता दळण्याकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

कोल्ड ब्रूची कॉफी भरड हवी, जाड्या मिठाएवढी, हे सगळेच सांगतात. का, ते सहसा कुणी सांगत नाही. गार पाण्याला वेळ लागतो म्हणून बारीक दळावी, असंच कुणालाही वाटेल. भरड दळायचं खरं कारण गाळताना कळतं. बारीक पूड कापडाच्या आणि कागदाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि गाळणी तुंबते. जी बसत नाही ती खाली उतरते आणि पेल्याच्या तळाशी साका होऊन राहते.

आता भरड म्हणजे किती भरड, यापेक्षा एकसारखी आहे का, हा प्रश्न मोठा. ज्या यंत्रात पातं गरगर फिरतं, मग तो मिक्सर असो की छोटा कॉफी ग्राइंडर, ते बिया फोडतं. जी बी पात्याखाली पुन्हा पुन्हा येते तिची धूळ होते, जी कडेला राहते तिचे तुकडेच राहतात. दातेरी चाकांमधून बी एकदाच चिरडून खाली पडते तो बर ग्राइंडर चांगला, कारण चाकांमधलं अंतर आपल्याला ठरवता येतं. पण तो नाही म्हणून कुणी थांबू नये. पात्याच्या यंत्राला एकदोन सेकंदांचे झटके द्यायचे, मध्ये भांडं हलवायचं, आणि सगळ्यात मोठा तुकडा चतकोर बीएवढा झाला की थांबायचं. मग ती कॉफी बारीक चाळणीतून चाळायची. खाली जी धूळ पडते ती पाहून पहिल्यांदा कुणालाही धक्का बसेल, इतकी असते. ती फेकायची नाही. डबीत भरून ठेवली की सकाळच्या गरम कॉफीला कामी येते. चाळणीत वर उरलेली १०० ग्रॅम भरावी म्हणून मी बिया आधीच थोड्या जास्त घेते.

हे चाळणं कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं मला दिसलं नव्हतं. गाळताना कागद तासभर तुंबून राहिलेला बघून वैतागले आणि चाळणी हातात घेतली. पातळ चहाच्या गाळण्याने ती धूळ जात नाही, मैद्याची चाळणी लागते.

प्रमाण माझं १ ला ८: १०० ग्रॅम कॉफी, ८०० ग्रॅम पाणी. पाणीही मी वजनावरच घेते, मापाच्या भांड्याच्या रेघांवर माझा विश्वास नाही. हे प्रमाण कुठून आलं त्याचं गणित मला फार आवडतं. कॉफीतून चांगल्या चवीसाठी तिच्या वजनाच्या साधारण १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरावा असं जाणकार मानतात. २० टक्के धरा. १०० ग्रॅममधून २० ग्रॅम, ८०० मिली पाण्यात, म्हणजे अडीच टक्के. नेहमीच्या काळ्या फिल्टर कॉफीत विरघळलेला भाग असतो सव्वा टक्क्याच्या आसपास. तेव्हा हा अर्क बरोबर दुप्पट कडक झाला, आणि तेवढंच पाणी किंवा दूध घातलं की कॉफी जागेवर येते. १ ला ४ केला तर आणखी घट्ट अर्क होतो, फ्रिजमध्ये जागा कमी लागते, पण त्यात कॉफी वाया जाते असं मला वाटतं. कारण भिजलेली पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. १०० ग्रॅम पूड २०० मिली गिळणार. ८०० मधून ६०० हातात येतात. १ ला ४ मध्ये ४०० मधून २००, म्हणजे अर्धा अर्क चोथ्यात गेला. भिजवलेलीच कॉफी थेट प्यायची असेल, पाणी मिसळायची कटकट नको असेल, तर १ ला १४ किंवा १५ घ्यावं. त्याला बरणी मोठी लागते.

पाणी साधं, गाळलेलं. क्लोरीनचा वास असलेलं पाणी घेतलं तर गार कॉफीत तो वास जास्तच कळतो, कारण इथे तो उडून जायला उष्णताच नाही.

बरणी काचेची, रुंद तोंडाची. आधी पूड, मग पाणी थोडं थोडं, कडेने फिरवत. कितीही केलं तरी बरीचशी पूड वर तरंगते. लांब चमच्याने हलक्या हाताने खाली दाबायची, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. त्यानंतर ढवळायचं नाही. जास्त ढवळलं की तुकडे एकमेकांवर घासून पुन्हा धूळ तयार होते आणि चाळण्याची मेहनत पाण्यात. काही जण आधी पूड बुडेल एवढंच उकळतं पाणी घालून मिनिटभर थांबतात आणि मग गार पाणी ओततात. त्याने वास नक्कीच वाढतो, मला करून बघितल्यावर आवडलंही. पण शुद्धतावादी मंडळींना ती कोल्ड ब्रू वाटत नाही. त्यांच्यासमोर सांगू नये.

आणि आता ते तास.

एकदा सरळ लावूनच बघायचं ठरवलं. एकाच पुडीतली कॉफी, तेच प्रमाण, तेच पाणी, छोट्या बरण्या, सगळ्या फ्रिजमध्ये. भिजवायची वेळ मात्र मागेपुढे, अशी की सगळ्या एकदम गाळायला निघतील: ६ तास, ९, १२, १८ आणि २४. गाळून सारखं पाणी घातलं, पेल्यांच्या बुडाला आकडे चिकटवले आणि धाकट्या बहिणीला पेले हवे तसे फिरवायला सांगितले. मग ती, मी आणि बाबा, तिघांनी चव घेतली.

६ तासांची लगेच ओळखू आली, पातळ आणि थोडी टोचरी. २४ तासांचीही आली: शेवटी जिभेवर कोरडा, लाकडासारखा तुरटपणा राहत होता. मधल्या तिघींमध्ये मात्र आमचा पार गोंधळ उडाला. बहीण ज्या पेल्याला "ही अठराचीच आहे ताई, पैज" म्हणत होती तो ९ तासांचा निघाला. बाबांनी पैज घेतलीच नाही. "मला सगळ्या गारच लागतायत," एवढं बोलून ते पेपर वाचायला गेले.

नंतर वाचनात आलं की याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मेगन फुलर आणि नीनी राव या दोन संशोधिकांनी २०१७ मध्ये गार पाण्यात भिजवलेल्या कॉफीतलं कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्ल ठरावीक वेळाने मोजलं. पहिल्या तीन तासांत ते भराभर उतरतं आणि ४०० मिनिटांच्या सुमारास, म्हणजे पावणेसात तासांच्या आत, वाढ थांबते. शिवाय मध्यम दळलेल्या आणि भरड दळलेल्या कॉफीत या बाबतीत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाही. त्यांनी कॉफी भिजवली होती साध्या तापमानाच्या पाण्यात. फ्रिजमध्ये थोडा जास्त वेळ लागणं साहजिक आहे. हे वाचून मी खूश झाले. एक म्हणजे भरड दळल्याने काही हातचं जात नाही. दुसरं म्हणजे चोवीस तास वाट बघणाऱ्याला बाकीच्यांपेक्षा जास्त कॅफीन मिळतं असंही नाही. चवीतले बाकीचे घटक पुढेही उतरत राहतात, तो लाकडी तुरटपणा त्यातलाच. मी आता झोपायच्या आधी भिजवते आणि दुसऱ्या दिवशी सवड झाली की गाळते. कधी दहा तास होतात, कधी सोळा.

बाहेर ओट्यावर ठेवायची की फ्रिजमध्ये, यावर मतं आहेत. बाहेर लवकर होते आणि थोडी भरदार होते, हे खरं. तरी मी फ्रिजच्या बाजूने आहे. कॉफीचा पीएच (आम्लाचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) पाचच्या आसपास असतो, आणि ४.६ च्या वर असलेल्या पदार्थांना अन्नसुरक्षेच्या नियमांत कमी आम्लाचे पदार्थ मानतात, म्हणजे जंतूंना रोखायला त्यातलं आम्ल पुरेसं नसतं. गरम कॉफीत निदान पाणी उकळलेलं असतं. इथे तर कुठल्याच टप्प्यावर उष्णता नाही. उकाड्याच्या दिवसांत बरणी रात्रभर बाहेर ठेवायला माझं मन धजत नाही.

गाळणं हे या सगळ्यातलं खरं काम. क्योटोतल्या कॉफीच्या दुकानांत काचेचे उंच मनोरे असतात. वरच्या भांड्यातून गार पाणी थेंब थेंब कॉफीवर पडतं आणि तितक्याच सावकाश खाली गाळून उतरतं, कित्येक तास. तिथे भिजवणं आणि गाळणं वेगळं नाहीच. अमेरिकेत १९६४ साली टॉड सिम्पसन या केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाने घरगुती कोल्ड ब्रूचं 'टॉडी' नावाचं भांडं काढलं, ते अजून विकलं जातं. त्यात आहे काय? एक बादलीवजा भांडं, बुडाला भोक, भोकावर नमद्याची जाड चकती, आणि बूच. त्याने गाळणीच सुधारली, भिजवण्याला हात लावला नाही. मला तर हा माणूस एकदम आपला वाटला.

माझ्याकडे ते भांडं नाही. मी असं करते. आधी मोठ्या भोकांच्या गाळण्यातून सगळं ओतते, चोथा वर राहतो. तो दाबायचा नाही. दाबल्यावर जे शेवटचं पाणी निघतं ते गढूळ आणि कडवट असतं, त्या चार चमच्यांसाठी सगळी बाटली बिघडवण्यात अर्थ नाही. मग मलमलचं कापड चौपदरी करून, आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून, भांड्यावर बांधायचं. कोरडं कापड बराच अर्क स्वतःच पिऊन टाकतं. कॉफी वस्त्रगाळ झाली की कापडाची पुरचुंडी करून तशीच टांगून ठेवायची. इथेही पिळायचा मोह होतो. हात मागे घ्यावा.

आता जो अर्क निघतो तो दिसायला स्वच्छ असतो, पण उजेडात धरला तर धुरकट. तो झाकून फ्रिजमध्ये दोनेक तास स्वस्थ ठेवायचा. बारीक गाळ तळाशी बसतो. मग भांडं न हलवता वरची निवळ सावकाश कागदी फिल्टरवर ओतायची. कागदही आधी पाण्याने ओला करायचा, त्याने कागदाचा वास निघून जातो आणि तो शंकूला नीट चिकटून बसतो. तळाचा गाळ अगदी शेवटी, जमलं तर वेगळ्या कागदातून. नाहीतर सोडून द्यायचा. गाळ आधीच कागदावर आला की तो पाच मिनिटांत तुंबतो आणि मग उरलेली कॉफी थेंबाथेंबाने उतरताना बघत बसावं लागतं. ही उलटसुलट क्रमाची गोष्ट बारीक वाटते, पण तिने माझा निम्मा वेळ वाचवला.

इतकं कशाला, चहाच्या गाळण्याने भागत नाही का, असं बहिणीने विचारलं होतं. म्हणून तेही करून पाहिलं. एकाच बरणीतली कॉफी, अर्धी नुसती गाळण्यातून, अर्धी कापड आणि कागदातून. या वेळी पेल्याखाली आकडे चिकटवायची गरज पडली नाही, तिघांनाही पहिल्या घोटात कळलं. गाळण्यातली जिभेवर मातकट लागत होती. दुसऱ्या दिवशी तर फरक आणखी वाढला, कारण बाटलीतली ती धूळ भिजतच राहते. म्हणजे आपण बारा तासांनी गाळली असं म्हणायचं, आणि आत कॉफीचं भिजणं चालूच. तासांवरून वाद घालणाऱ्या कित्येकांच्या बाटलीत हेच होत असणार, अशी मला दाट शंका आहे.

कागदाचा आणखी एक फायदा आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि कागदी गाळणीत ते बहुतेक अडकतं. बाबांसाठी मी कागद कधी वगळत नाही. फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं कॉफीचं भांडं, असेल तर बरणीऐवजी तोच वापरता येतो. पण दांडा खाली दाबायचा नाही, जाळी नुसती पृष्ठभागावर टेकवून ओतायचं, आणि नंतर कागद हवाच.

पिण्याबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते: हा अर्क आहे, तसाच ढोसायचा नाही. मावसभाऊ आला होता, फ्रिजमधली बाटली काढून त्याने मोठा पेला भरला आणि वर दोन बर्फाचे खडे टाकून संपवला. मऊ लागते, कडवट नाही, म्हणून त्याला ती हलकी वाटली. रात्री अडीच वाजता मला मेसेज, "तायडे, त्या कॉफीत काय घातलं होतंस?" काही घातलं नव्हतं. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाच्या बियांमध्ये साधारण १.२ टक्के कॅफीन असतं, रोबस्टामध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. १०० ग्रॅम अरेबिकात झालं १२०० मिलिग्रॅम. ते सगळं ८०० मिलीत उतरलं असं धरलं तर १०० मिलीला १५०. त्याचा २५० मिलीचा पेला म्हणजे पावणेचारशे मिलिग्रॅमपर्यंत, आणि निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात ४०० च्या वर जाऊ नये असं सांगतात. कॅफीन शरीरातून अर्धं व्हायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी प्यायल्यावर अडीच वाजता जाग असणं हे हिशोबाला धरूनच होतं.

गार पाण्यात कॅफीन कमी उतरतं ही समजूत कुठून आली तेही सांगते. उकळत्या पाण्यात लिटरला सहाशे ग्रॅमहून अधिक कॅफीन विरघळू शकतं, २५ अंशांच्या पाण्यात फक्त वीसेक ग्रॅम. हे वाचून गार कॉफी सौम्य असणार असं वाटतं. पण आपल्या बरणीत लिटरला असतं दीड ग्रॅम. ते विरघळवायला गार पाणीही कमी पडत नाही.

आंबटपणाचंही तसंच. कोल्ड ब्रूमध्ये आम्ल नसतं, पोटाला त्रास होत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. राव आणि फुलर यांनीच २०१८ मध्ये गरम आणि गार दोन्ही कॉफींचा पीएच मोजला, दोन्हींचा ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान, म्हणजे सारखाच. एकूण आम्लं मात्र गरम कॉफीत जास्त निघाली. जिभेला गार कॉफी कमी आंबट लागते ती बहुधा त्यामुळे. ज्यांना छातीत जळजळण्याचा त्रास आहे त्यांनी तेवढ्या भरवशावर पेला भरू नये.

गोड हवी असेल तर साखर चमच्याने ढवळून काही होत नाही, तळाशी तशीच राहते. साखर आणि पाणी समान वजनाने गरम करून पाक गार करून ठेवावा. दूध घालायचं तर पाण्याऐवजी घालावं, पाण्याशिवाय वेगळं नाही. चिमटीच्या टोकावर राहील एवढं मीठ कडवटपणा मोडतं. खारट लागलं तर जास्त झालं.

अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, पण त्याची खरी चव पहिले तीनचार दिवस. नंतर वास बसका होतो. त्याहून जास्त टिकवायचा तर बर्फाच्या साच्यात गोठवावा. ते खडे दुधात टाकले की पेला पातळ होत नाही, उलट कडक होत जातो. बाटली गच्च बंद करून महिनोनमहिने ठेवणं मात्र नको. हवाबंद आणि कमी आम्लाच्या पदार्थात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. कारखान्यात त्यासाठी वेगळी प्रक्रिया करतात, आपल्याकडे तशी सोय नसते.

बाबांचं कॉफी गरमच हवी हे मत काही बदललेलं नाही. मी त्यांना म्हटलं, अर्कात उकळतं पाणी घालून देते, गरम होईल. दिलं. "ही कोमट आहे," ते म्हणाले. बरोबर होतं त्यांचं: ५ अंशांचा अर्क आणि ९५ अंशांचं पाणी समसमान मिसळलं की पन्नासच्या वर जाणार कसं? आता त्यांच्यासाठी अर्काचं भांडं आधी गरम पाण्यात ठेवून त्याची गारठ काढते, मग कपात ओतून वर उकळतं पाणी. कडवट नाही म्हणून पितात, पण तिला कॉफी म्हणत नाहीत. "तुझं ते दे," म्हणतात.

कापडाची काळजी तेवढी सांगायची राहिली. मलमल साबणाने धुवायची नाही, साबणाचा वास कापड सोडत नाही आणि पुढच्या बरणीत उतरतो. वापरल्या वापरल्या वाहत्या पाण्याखाली चोळून, मग दहा मिनिटं साध्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवायची. दमट राहिली तर तिला खवट वास येतो, आणि तो वास एकदा बसला की कापड बदलण्याशिवाय इलाज नाही. सध्या हलक्या भाजणीच्या बिया आणल्यात. त्यांना आधी गरम पाण्याचा हात देऊन, प्रमाण १ ला ७ करून बघणार आहे. फिक्या लागल्या तर उरलेल्या जपानी पद्धतीने बर्फावर.